एडा लव्हलेस : विद्या उपजत कीं अभ्यासानें साध्य?

शाळांतून संगणकाचा विषय शिकविला जाऊं लागल्यास आतां बरींच वर्षें लोटलीं आहेत. ह्या अवधींत एक गोष्ट वारंवार आमच्या दृष्टीस पडते. वर्गांतील चारदोन विद्यार्थी प्रोग्रॅम लिहूं लागतात, त्यांचें यंत्र सांगितल्याबरहुकूम चालतें, आणि उरलेले विद्यार्थी मनाशीं ठरवून टाकतात कीं, ही विद्या कांहीं मोजक्या डोक्यांसाठींच आहे. पुष्कळदां वडील माणसेंही ह्या निर्णयास मान डोलावतात. चौदा वर्षांच्या मुलाची वा मुलीची एक वाट अशा रीतीनें एका दुपारींत बंद होते, आणि ती बंद झाली ह्याची कोणास खबरही लागत नाहीं.

चांगला प्रोग्रॅमर हा जन्मास यावा लागतो कीं शिकून होतां येतो, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस केवळ वादाचा वाटत नाहीं. त्याचा विचार करतांना, जगांतील पहिली प्रोग्रॅमर म्हणून जिचें नांव घेतलें जातें त्या एडा लव्हलेस हिचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तिच्या गुणांचा उगम रक्तांत शोधण्याचा खटाटोप ती पाळण्यांत असल्यापासून चालला होता. ह्यामुळें हें चरित्र आमच्या प्रश्नास विशेष लागू पडतें.

एडाचा जन्म लंडन शहरीं १० डिसेंबर १८१५ रोजीं झाला. तिचे वडील म्हणजे इंग्लंडचे सुप्रसिद्ध कवि लॉर्ड बायरन. आई ॲनाबेला ही सुखवस्तु घराण्यांतील, शिस्तप्रिय आणि गणिताची आवड असलेली बाई होती. दोघांचा संसार वर्षभरच टिकला. मूल जेमतेम महिन्याचें झालें असेल नसेल तोंच आई त्यास घेऊन माहेरीं निघून गेली. १८१६ च्या एप्रिलांत बायरन यांनीं देश सोडला आणि १८२४ सालीं ग्रीस देशांत मिसोलोंघी येथें त्यांचा अंत झाला. एडा तेव्हां आठ वर्षांची होती. तिला पाहण्याचा योग वडिलांस पुन्हां कधींच आला नाहीं.

आईच्या मनांत एक भीति घर करून बसली होती. पित्याचा लहरी आणि बेबंद स्वभाव मुलीच्या अंगांत उतरला असेल, आणि त्यावर उतारा एकच, तो म्हणजे गणित, अशी तिची समजूत होती. म्हणून लहानपणापासून एडाच्या दिनक्रमांत अंकगणित, भूमिति, फ्रेंच, संगीत ह्यांच्या तासिका बांधून दिलेल्या होत्या. उच्च कुळांतील मुलींस त्या काळीं इतकें गणित शिकविण्याचा प्रघात नव्हता. एका चमत्कारिक शंकेपोटीं मिळालेलें हें शिक्षणच पुढें तिच्या कामीं आलें.

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात असें आपण म्हणतों. एडाच्या बाबतींत काय दिसलें? बारा वर्षांची असतांना तिला आकाशांत उडण्याचा ध्यास लागला. पक्ष्यांच्या शरीराशीं पंखांचें प्रमाण काय असतें ह्याचा ती अभ्यास करूं लागली, पंखांसाठीं कागद, रेशीम अशा वस्तूंचा विचार करूं लागली, आणि वाफेच्या बळावर चालणारें उडतें यंत्र कसें असावें ह्याचेही बेत तिनें केले. उडणें अर्थातच साधलें नाहीं. १८२९ सालीं गोवर येऊन तिचे पाय लुळे पडले. पुष्कळ महिने ती अंथरुणास खिळून होती आणि त्यानंतरही बराच काळ तिला कुबड्यांवांचून चालतां येत नसे. ह्या सर्व हकीगतींत कल्पकता दिसते, जिद्द दिसते. परंतु गणितांत अलौकिक गति असल्याचें कोणतेंही चिन्ह त्यांत दिसत नाहीं.

१८३३ च्या जून महिन्यांत, वयाच्या सतराव्या वर्षीं, तिची चार्ल्स बॅबेज यांच्याशीं ओळख झाली. बॅबेज हे केंब्रिजचे गणिताचे प्राध्यापक असून डिफरन्स एंजिन नांवाच्या गणकयंत्राची त्यांनीं योजना केली होती. ह्या यंत्राचें तत्त्व आमच्या वाचकांस सहज समजेल. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग घ्या. लगतच्या दोन वर्गांमधील अंतरें ३, ५, ७, ९ अशीं येतात, आणि त्या अंतरांमधील अंतर सर्वत्र २ येतें. म्हणजे गुणाकार मुळींच न करतां नुसत्या बेरजांनीं वर्गांचें कोष्टक हवें तितकें पुढें नेतां येतें. आणि बेरीज दांतेरी चाकांकडून करवून घेतां येते. नौकानयन, खगोल इत्यादि शास्त्रांचीं कोष्टकें त्या काळीं माणसें हातानें तयार करीत आणि त्यांत चुका राहत. त्या टाळाव्या हा बॅबेज यांचा हेतु होता. यंत्राचा एक भाग त्यांच्या दिवाणखान्यांत मांडलेला असे. तो पाहण्यास पुष्कळ प्रतिष्ठित मंडळी येत, कौतुक करीत आणि निघून जात. एडा मात्र तें कसें चालतें हें समजून घेण्यासाठीं पुनःपुन्हां जाऊं लागली.

ह्याच सुमारास मेरी समरव्हिल ह्या विदुषीचा सहवास तिला लाभला. समरव्हिलबाई स्कॉटलंडच्या. मुलीनें गणित शिकल्यास तिच्या प्रकृतीस अपाय होईल ह्या समजुतीनें त्यांच्या आईबापांनीं रात्रीं त्यांच्या खोलींतील मेणबत्त्या काढून घेवविल्या होत्या. तेव्हां यूक्लिडचे सिद्धांत दिवसा मुखोद्गत करून रात्रीं अंधारांत त्यांनीं मनांतल्या मनांत सोडविले. त्याच बाईंनीं पुढें लाप्लास यांच्या खगोलगणितावर आधारलेला ग्रंथ १८३१ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केला आणि विद्वानांत मान्यता मिळविली. विश्वविद्यालयाचें दार न पाहतां एक बाई एवढी मजल मारूं शकते, ह्याचा जिवंत दाखला एडाच्या डोळ्यांपुढें होता.

१८३५ सालीं तिचा विवाह विल्यम किंग यांच्याशीं झाला. १८३८ सालीं त्यांस अर्ल ऑफ लव्हलेस ही पदवी मिळाली आणि एडा कौंटेस ऑफ लव्हलेस झाली. तीन मुलें झालीं, मोठा संसार आला, प्रकृति तर नेहमींच नाजूक. अशा स्थितींत, १८४० सालीं, चोविसाव्या वर्षीं तिनें उच्च गणित पहिल्यापासून नीट शिकण्याचें मनावर घेतलें. गुरु मिळाले ते ऑगस्टस डी मॉर्गन, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील गणिताचे प्राध्यापक. ह्यांचा आपल्या देशाशीं असलेला संबंध येथें सांगण्याजोगा आहे. त्यांचा जन्म १८०६ सालीं मदुरा येथें झाला होता. आणि दिल्लीचे मास्तर रामचंद्र ह्या गणितज्ञाचा ग्रंथ १८५९ सालीं लंडनमध्यें पुन्हां छापला गेला तो त्यांच्याच खटपटीनें.

डी मॉर्गन हे एडास मुख्यतः पत्रांच्या द्वारें शिकवीत. तो पत्रव्यवहार ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयांत जतन केलेला आहे, आणि आमच्या मतें ह्या सर्व चरित्रांतील अत्यंत बोधप्रद भाग तोच होय. ह्या पत्रांत आपणांस अद्भुत बालिका भेटत नाहीं. भेटते ती अडखळणारी विद्यार्थिनी. फलसमीकरणांपाशीं ती अडून बसली, आणि हीं समीकरणें पिशाच्चांसारखीं रूप पालटतात व हातीं लागत नाहींत अशा आशयाची तक्रार तिनें गुरूंकडे केली. आज शाळांतून ज्या बैजिक क्रिया शिकवितात तशा क्रियांतही तिची गफलत होई. परंतु पायरी समजली नसतां समजली असें म्हणून पुढें जाण्याचें तिनें नाकारलें. पुस्तकांतील एखादें विधान अमुक अटीवांचून खरें कसें, येथें घेतलेलें गृहीत कोठून आलें, असे बारीक प्रश्न ती विचारीत राही. ही पत्रें पूर्वी चुकीच्या क्रमानें लावलीं गेल्यामुळें कित्येक अभ्यासकांनीं तिला गणित फारसें येतच नव्हतें असा निष्कर्ष काढला होता. गणिताच्या इतिहासकारांनीं २०१७ सालीं तीं पुन्हां तपासलीं, तेव्हां असें दिसून आलें कीं, वर्षदीड वर्षांत तिची प्रगति झपाट्यानें झाली होती आणि तिचे प्रश्न उत्तरोत्तर खोल होत गेले होते.

गुरूंचें मत काय होतें? १८४४ सालीं डी मॉर्गन यांनीं एडाच्या आईस एक पत्र लिहिलें. त्यांत त्यांनीं शिष्येच्या बुद्धीची मोठी वाखाणणी केली. केंब्रिजला जाणाऱ्या कोणा तरुणानें असें सामर्थ्य दाखविलें असतें तर तो स्वतंत्र संशोधक झाला असता, असें त्यांस वाटत होतें. पण त्याच पत्रांत, एवढ्या विचाराचा ताण स्त्रीच्या शरीरास सोसणार नाहीं अशी भीतिही त्यांनीं व्यक्त केली, आणि म्हणूनच ही प्रशंसा आपण तिच्या कानीं घातली नाहीं असेंही कळविलें. डी मॉर्गन हे तर्कशास्त्राचे आचार्य आणि मनाचे उदार. तरीही कोणास काय झेपेल ह्याविषयींचें त्यांचें अनुमान त्या काळाच्या समजुतीपलीकडे गेलें नाहीं. असा निर्णय देतांना शहाण्यांनींही जपावें, हा ह्यांतील धडा आहे.

दरम्यान बॅबेज ह्यांचें पहिलें यंत्र अपुरेंच राहिलें होतें. सरकारनें त्यापायीं सतरा हजार पौंडांहून अधिक खर्च केला आणि अखेर १८४२ सालीं हात आंखडता घेतला. परंतु १८३४ पासून बॅबेज यांच्या मनांत दुसरें, फार मोठें यंत्र आकार घेत होतें. त्याचें नांव ॲनालिटिकल एंजिन. पहिलें यंत्र एकच काम करणारें होतें. हें मात्र सांगाल तें गणित करणारें. त्यांत आंकडे सांठविण्याचें कोठार निराळें आणि त्यांवर क्रिया करणारी गिरणी निराळी. कोणती क्रिया कोणत्या आंकड्यांवर करावयाची हें यंत्रास भोकें पाडलेल्या जाड कागदांच्या पत्त्यांनीं सांगावयाचें. ही युक्ति फ्रान्समधील जॅकार यांच्या मागावरून घेतली होती; त्या मागावर पत्त्यांतील भोकांप्रमाणें ताण्याचे धागे उचलले जाऊन कापडांत नक्षी उमटते. एडानें आईबरोबर १८३४ सालीं कारखाने पाहण्यासाठीं प्रवास केला, त्यांत असे माग पाहिले होते.

१८४२ सालीं इटलींतील लुइजी मेनाब्रेआ ह्या लष्करी एंजिनियरानें ह्या यंत्रावर फ्रेंच भाषेंत एक निबंध लिहिला. एडानें त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. तें पाहून बॅबेज यांनीं स्वतःचीं टिपणें जोडण्याची तिला सूचना केली. तिनें सात टिपणें जोडलीं आणि तीं मूळ निबंधाच्या दुपटीहून अधिक लांब झालीं. १८४३ च्या उन्हाळ्यांत हें काम चाललें असतां दोघांमध्यें पत्रांची सारखी येजा चालू होती. बॅबेज यांनीं तिच्या मजकुरांत परस्पर फेरफार केले तेव्हां ती रागावली. आणि सरकारवर टीका करणारी प्रस्तावना तिच्या लेखास चिकटविण्याचा त्यांचा बेतही तिनें मान्य केला नाहीं. एका लांबलचक कोष्टकाचा आराखडा तिनें पेन्सिलीनें केला होता. त्यावर शाई फिरवून देण्याचें काम तिच्या पतीनें केलें. लेख त्याच वर्षीं छापला गेला. लेखिकेचें पूर्ण नांव त्यांत नव्हतें. नांवाचीं तीन आद्याक्षरें तेवढीं होतीं.

शेवटच्या टिपणांतील कोष्टक हेंच प्रसिद्ध झालें. बर्नुली नांवाच्या स्विस गणितज्ञाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संख्यांची एक मालिका आहे; तींतील प्रत्येक संख्या काढण्यास तिच्या आधींच्या संख्या लागतात. ह्या संख्या यंत्रानें कशा काढाव्या, हें एडानें २५ क्रियांच्या ओळींत मांडून दाखविलें. प्रत्येक ओळींत क्रिया कोणती, ती कोणत्या दोन स्तंभांतील आंकड्यांवर, उत्तर कोणत्या स्तंभांत ठेवावयाचें, आणि त्यायोगें कोणत्या स्तंभांतील आंकडा बदलला, हें सर्व नोंदलेलें आहे. १३ पासून २३ पर्यंतच्या क्रिया पुन्हां त्याच क्रमानें कराव्या, असेंही तींत सांगितलें आहे. आजचा प्रोग्रॅमर जें करतो तें मूलतः हेंच. अत्यंत आज्ञाधारक परंतु तितक्याच निर्बुद्ध चाकराकडून मोठें काम करवून घ्यावयाचें असेल तर त्याचे लहान लहान तुकडे पाडावे लागतात, त्यांचा क्रम चुकवितां येत नाहीं, आणि कोणती वस्तु कोठें ठेविली ह्याची आठवण आपणच ठेवावी लागते.

तिची दृष्टि ह्याहून पुढें गेली होती. अंकांऐवजीं दुसऱ्या कोणत्याही वस्तूंचे परस्परसंबंध नियमांत बसवितां आले, तर यंत्र त्यांवरही क्रिया करील, अगदीं संगीतरचनाही करील, असें तिनें सुचविलें. त्याचबरोबर, यंत्र आपण होऊन कांहीं नवें निर्माण करूं शकत नाहीं, आपणांस जें सांगतां येतें तेंच तें करतें, असाही इशारा तिनें दिला. ह्या मतावर ॲलन ट्यूरिंग यांनीं १९५० सालीं आपल्या निबंधांत चर्चा केली, आणि विचार करणाऱ्या यंत्रांविषयीं आजही जो वाद चालतो त्यांत तिचा इशारा आठवला जातो.

ह्या कोष्टकाविषयीं आणखी दोन गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवाव्या. बर्नुली संख्यांचें बीजगणित बॅबेज यांनीं करून दिलें होतें. त्यांत झालेली एक मोठी चूक एडानें शोधून काढली, हें बॅबेज यांनींच १८६४ च्या आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, छापलेल्या कोष्टकाच्या चौथ्या ओळींत भाज्य आणि भाजक ह्यांची अदलाबदल झालेली आहे. तो दोष लेखिकेचा असो वा मुद्रकाचा, पहिला म्हणून गाजलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा चालविल्यास उत्तर चुकतें! थोर गुरूची चूक शिष्येला सांपडते, आणि तिच्या नांवावरील कोष्टकांत दुसरी चूक निसटते. ह्या विद्येंत चूक ही नालायकीची खूण नव्हे. चूक शोधीत बसणें हाच तिचा नित्याचा व्यवसाय आहे.

ह्यानंतरचीं वर्षें एडास सुखाचीं गेलीं नाहींत. घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या नादांत ती मोठ्या कर्जांत सांपडली. गर्भाशयाच्या कर्करोगानें तिला फार यातना झाल्या आणि २७ नोव्हेंबर १८५२ रोजीं, छत्तिसाव्या वर्षीं, ती निवर्तली. तिच्या इच्छेप्रमाणें नॉटिंगहॅमशायरमधील हकनॉल येथील देवळांत, जन्मांत ज्यांस ओळखलें नाहीं त्या पित्याच्या शेजारीं, तिला पुरण्यांत आलें. ॲनालिटिकल एंजिन कधींच पुरें झालें नाहीं. आपला प्रोग्रॅम चालतांना पाहण्याचें भाग्य पहिल्या प्रोग्रॅमरास लाभलें नाहीं. १९५३ सालीं तिचीं टिपणें पुन्हां छापलीं गेलीं, आणि १९८० सालीं अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें मान्य केलेल्या एका संगणकभाषेस एडा हें नांव मिळालें. तिच्याही आधीं बॅबेज यांनीं स्वतः यंत्रासाठीं क्रियांचे क्रम लिहून ठेविले होते, म्हणून पहिलेपणाचा मान तिला देण्यास कांहीं इतिहासकार तयार नाहींत. त्या वादानें तिनें प्रसिद्ध केलेल्या टिपणांची योग्यता उणी होत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. कोणीही चांगला प्रोग्रॅमर होऊं शकतो, असें एडाच्या चरित्रावरून सिद्ध झालें, असें आम्ही म्हणणार नाहीं. तिला धन, फुरसत आणि उत्तम गुरु मिळाले. बुद्धीही सामान्य नव्हती. ज्या असंख्य मुलींस मेणबत्ती परत मिळाली नाहीं, त्यांचीं चरित्रें लिहिलीं गेलींच नाहींत. परंतु कोणास ही विद्या येईल हें आधींच ओळखतां येतें, ह्या समजुतीस मात्र तिचें आयुष्य आधार देत नाहीं. आईनें कवीच्या रक्ताचें भय धरलें, गुरूंनीं स्त्रीच्या शरीराचें. दोघांचेंही भाकीत तिच्या कामापुढें टिकलें नाहीं. आपल्या काळांतही असे प्रयत्न झाले. इंग्लंडांतील मिडलसेक्स विद्यापीठाच्या दोघा अभ्यासकांनीं २००६ सालीं एक लेख प्रसृत केला. शिकविण्यापूर्वींच एका चाचणीनें प्रोग्रॅमिंग येणारे आणि न येणारे वेगळे काढतां येतात, असा त्यांत दावा होता. त्यांपैकीं एका प्राध्यापकानें २०१४ सालीं तो दावा जाहीरपणें मागें घेतला. दुसरा दाखला १९४६ सालीं जगापुढें आलेल्या अमेरिकेंतील एनिॲक ह्या संगणकाचा. त्यावर काम करणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमर सहा तरुणी होत्या. त्यांस ह्या विद्येचें पाठ्यपुस्तक मिळालें नाहीं, कारण तें अस्तित्वांतच नव्हतें. यंत्राचे नकाशे पुढें घेऊन आणि तें बांधणाऱ्यांस विचारून विचारून त्या शिकल्या.

सर्वांची गति सारखी असेल असें नाहीं. धांवण्यांत असत नाहीं, गाण्यांत असत नाहीं, तशी येथेंही नसेल. पण ज्या गुणांवर एडाचें काम उभें राहिलें ते आम्हांस स्पष्ट दिसतात : न समजलेली पायरी ओलांडून पुढें न जाणें, शंका क्षुल्लक वाटली तरी लिहून विचारणें, मोठें काम लहान तुकड्यांत फोडणें, आणि आपल्या व गुरूच्याही उत्तराची पुन्हां तपासणी करणें. ह्यांतील एकही गुण असा नाहीं कीं जो संवयीनें वाढत नाहीं. तेव्हां आमच्या विद्यार्थिमित्रांस आमचें एवढेंच सांगणें आहे. हा विषय आपणांस येणार नाहीं असें ज्यास वाटत असेल त्यानें तो सोडण्यापूर्वीं आपली अडलेली जागा कागदावर एका वाक्यांत लिहावी आणि ती घेऊन शिक्षकांकडे जावें. आणि शिक्षकबंधुभगिनींस विनंति अशी कीं, असा कागद घेऊन कोणी आलें तर त्याच्या डोक्याची परीक्षा करूं नये. प्रश्नाचें उत्तर द्यावें.